तुम्ही विचारलंत म्हणून : माणूस आणि त्याची बायको

मूकपटांवर बोलायला जाते तिथे एक प्रश्न ठरलेला असतो. बहुतेक वेळा एखादी कॉलेजातली मुलगी विचारते आणि विचारताना तिचा आवाज थोडा चढलेला असतो. "नवरा बायकोला बुडवून मारायला निघतो, ती त्याच दिवशी त्याला माफ करते आणि संध्याकाळी दोघं नाचतात. असला सिनेमा तुम्हाला इतका आवडतो तरी कसा?" सिनेमा म्हणजे एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने अमेरिकेत केलेला, १९२७ सालचा 'सनराइज'.

आजवर मी छायाचित्रणाबद्दल बोलून वेळ मारून नेली. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांचा कॅमेरा दलदलीतून कसा तरंगत जातो, पहिल्यावहिल्या ऑस्करमध्ये त्यांना, सिनेमाला आणि जॅनेट गेनर या नटीला कसे पुरस्कार मिळाले, वगैरे. सगळं खरं. पण त्या मुलीने हे विचारलेलंच नव्हतं. तेव्हा आज नीट सांगते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. तळ्याकाठचं गाव. एक शेतकरी, त्याची तरुण बायको, तान्हं बाळ. शहरातून सुट्टीला आलेली एक बाई गावातच रेंगाळली आहे. तिच्या नादात याने शेत वाऱ्यावर सोडलंय आणि सावकार गोठा रिकामा करतायत. रात्री चंद्रप्रकाशात ती बाई त्याला म्हणते, जमीन विकून टाक, माझ्याबरोबर शहरात चल. आणि बायको? ती बुडाली तर? हे शब्द पडद्यावर येतात आणि अक्षरं खाली घसरत जातात, जणू तीच बुडतायत. तो खवळून त्या बाईचा गळा धरतो आणि दुसऱ्या क्षणाला तिच्याच मिठीत असतो. होडी उलटवल्यावर स्वतःला तरंगता यावं म्हणून पाणगवताची मोळी बांधून न्यायची, असं ठरतं.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला तळ्यापलीकडे फिरायला नेतो. ती किती हरखते! घरचा कुत्रा साखळी तोडून होडीमागे पोहत येतो, त्याला परत नेऊन बांधावं लागतं. भर पाण्यात नवरा उठून तिच्याकडे येऊ लागतो. खांदे वाकलेले, पावलं जड. (जॉर्ज ओब्रायन या नटाच्या बुटांत वजनं घातली होती, असं सांगतात. पाहताना ते पटतं.) ती हात जोडते. त्याच्याने होत नाही. तो तोंड झाकून घेतो, मग वेड्यासारखी वल्ही मारत काठ गाठतो. होडी टेकते न टेकते तोच ती पळत सुटते.

या तिघांना नावं नाहीत. श्रेयनामावलीत 'पुरुष', 'बायको' आणि 'शहरातली बाई' एवढंच आहे. सिनेमाचं उपशीर्षक आहे 'दोन माणसांचं गाणं'. पण सुरू होताच पडद्यावरच्या मजकुराची पहिली पाटी सांगते की हे गाणं 'माणसाचं आणि त्याच्या बायकोचं' आहे. शीर्षकात दोन माणसं होती, पहिल्या पाटीवर एकच उरलं आणि दुसरी त्याची बायको झाली. मराठीत हे फार चटकन लक्षात येतं. आपल्याकडे 'माझा माणूस' म्हटलं की नवरा. ती असेल तर 'बाईमाणूस' म्हणावं लागतं, नुसतं माणूस म्हणून भागत नाही. मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते ते हे शोधायला, की त्या गाण्यात दुसरं माणूस नेमकं कधी दिसतं आणि कधी नाहीसं होतं.

ते दिसतं ट्राममध्ये. 'माझी भीती बाळगू नकोस,' असं तो तिला विनवतो आणि ती आणखी पळते. झाडीतून एक ट्राम येते. ती चढते, मागोमाग तोही चढतो. यासाठी सिनेमा करणाऱ्यांनी खास रूळ टाकले होते, आणि त्या मेहनतीचं चीज झालंय. खिडकीबाहेर तळं मागे पडतं, झाडं जातात, हळूहळू शहर दिसू लागतं. आत ती कोपऱ्यात अंग चोरून उभी, मान खाली. हाताच्या अंतरावर तो. जीव घ्यायला निघालेला माणूस आणि जीव वाचवून पळालेली बाई, आणि दोघांना एकाच डब्यात उभं राहावं लागतंय. रडारड नाही, संगीताचा कल्लोळ नाही. तिचं शरीर तेवढं सांगतं की आता या माणसाचा हात कुठेही लागला तरी मी दचकणार आहे.

जॅनेट गेनर तेव्हा जेमतेम विशीत होती. भीती संपल्यावर जे येतं ते तिने दाखवलंय, आणि ते भीतीपेक्षा वाईट असतं. पुढे उपाहारगृहात तो केकची बशी तिच्यापुढे सरकवतो. ती एक तुकडा उचलते, तोंडाशी नेते आणि कोसळते. बाहेर तो फुलं घेऊन देतो. ती फुलं हातात धरून रडते. घरात काही मोडल्यावर खाऊ आणून, फुलं आणून ते सांधायचा प्रयत्न आपण सगळ्यांनी पाहिलाय. इथे दिग्दर्शक त्या प्रयत्नाला यश देत नाही. केक तसाच राहतो. १९२७ सालच्या व्यावसायिक सिनेमाने बायकोच्या घाबरण्याला इतका वेळ दिला, तिला घाईने शांत केलं नाही, याची मला अजून अपूर्वाई वाटते.

आणि मग येतं चर्च. तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न चालू आहे, हे दोघं मागे बसून बघतात. धर्मगुरू नवरदेवाला जे सांगतो त्याचा मतलब असा : देव ही तुझ्या हाती ठेव म्हणून देतोय, ती कोवळी आहे, अननुभवी आहे, तिला वाट दाखव, तिला जप. ठेव! आपल्याकडे मुलगी 'पदरात घालतात', कन्येचं दान करतात. शब्द वेगळे, व्यवहार तोच. हे ऐकून शेतकरी हुंदके देतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून क्षमा मागतो आणि ती त्याला कुरवाळते. पडदा उजळतो, घंटा वाजतात, बाहेर पडताना दोघं नव्याने लग्न झाल्यासारखे दिसतात.

माझा सिनेमाशी वाद आहे तो इथे. तिने माफ केलं याबद्दल माझी तक्रार नाही. कुणाला माफ करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि ट्रामपासून चर्चपर्यंत ती काय सोसत आली हे मी पाहिलंय. पण तो रडतो कशामुळे? ट्राममधला तिचा चेहरा पाहून तो एवढा मोडत नाही. ठेव बुडवायला निघालो होतो, हे एका पुरुषाच्या तोंडून ऐकल्यावर मोडतो. त्याचा पश्चात्ताप सोपवणाऱ्याकडे बघून आलेला आहे. त्या बाकावर ती पुन्हा त्याची बायको होते, दुसरं माणूस दिसेनासं होतं.

पुढचं शहर गोड आहे, मला मनापासून आवडतं. फोटो काढून घेणं, सुटलेलं डुक्कर, गावठी नाच. पण त्यातही केशकर्तनालयात एक आगाऊ पुरुष तिच्याशी लगट करतो तेव्हा हा चाकू काढतो. प्रेक्षागृहात या जागी लोक श्वास रोखतात, आणि मग त्याने त्या माणसाच्या कोटावरचं फूल तेवढं कापलं म्हणून हसतात. मी तिच्याकडे बघते. सकाळी त्या हातांना सामोरी गेलेली ती दुपारी त्याच हातात पातं बघतेय.

आणि शहरातली बाई. आखूड केस, सिगारेट, काळा पोशाख. अमेरिकेत बायकांना १९२० साली देशभर मताधिकार मिळाला होता. केस कापून, स्वतःच्या मर्जीने फिरणाऱ्या बाईचं जे भय तेव्हाच्या समाजात होतं, ते सगळं या एका पात्रावर लादलंय. सिनेमा हेरमान झुडरमान या जर्मन लेखकाच्या कथेवर आहे. तिथे ती दुसरी बाई घरातलीच मोलकरीण आहे, शहरातून आलेली नाही. आणि कथेत शेवटी नवरा बुडतो, बायको वाचते. सिनेमात किंमत त्याला चुकवावी लागत नाही. परतताना वादळात होडी उलटते, बायको मेली असं वाटून तो शहरातल्या बाईला गाठतो आणि तिचा गळा आवळतो. बायको सापडली अशी हाक येते म्हणून ती वाचते, नाहीतर पडद्यावर खून झालाच असता आणि आपण तो न्याय समजून पाहिला असता. कल्पना तिची होती, कबूल. मोळी बांधणारे, वल्ही मारणारे, गळा धरणारे हात त्याचे होते. पहाटे ती गाडीवर बसून गावाबाहेर जाते. त्या मानेकडे एकदाही कुणी बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात हा सिनेमा मी आईला दाखवला. तिचं वय चौऱ्याहत्तर, मूकपट पहिलाच. पाट्या मी मराठीत वाचून दाखवत होते, पण लवकरच तिने हाताने थांबवलं. तिला गरज नव्हती. रात्री दोघं परत होडीत बसली तेव्हा, गेली कित्येक वर्षं लोक मला विचारतात तेच मी तिला विचारलं, "आई, त्याच होडीत ती परत का बसते गं?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अगं, बाळ घरी आहे ना तिचं."

मला हे कधी सुचलं नव्हतं. प्रेम, क्षमा, श्रद्धा, दिग्दर्शकाची दृष्टी, सगळं धुंडाळून झालं होतं. घरी तान्हं मूल आहे आणि घर पाण्यापलीकडे आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

वादळ आलं तेव्हा नवऱ्याने तीच मोळी, स्वतःसाठी आणलेली, बायकोच्या अंगाला बांधली. पाणगवत कुठल्या जातीचं कोण जाणे, आई त्याला लव्हाळीच म्हणाली. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपण सगळेच ऐकत वाढलो. आम्हा मुलींना ते नमतं घेण्यासाठी जरा जास्तच ऐकवलं गेलं. या गोष्टीत ती लव्हाळ्यांमुळेच वाचते. सुटत गेलेल्या काड्या धरून ती काळ्या पाण्यावर तरंगत असते आणि एक म्हातारा नावाडी तिला शोधून काढतो. नवरा आधीच काठाला लागलेला आहे, तो तिला हाका मारतोय. १९२७ साली या मूकपटाबरोबर संवादांशिवाय, संगीताची आणि आवाजांची जी ध्वनिपट्टी होती तिच्यात या हाकेच्या जागी एक शिंग वाजतं. ते ऐकून अंगावर काटा येतो. त्याचा टाहो खरा आहे, यात मला शंका नाही. म्हणून तर हा सिनेमा सोडवत नाही. त्याचं प्रेमही खरं आहे आणि ते हातही खरे आहेत.

शेवटी ती अंथरुणावर आहे. सबंध सिनेमाभर घट्ट बांधलेले केस आता मोकळे झालेत. उजाडतंय. ती डोळे उघडते, तो वाकतो, चुंबन, सूर्य. दर वेळी या जागी माझे डोळे भरतात, आणि त्या मुलीने विचारलेला प्रश्नही तिथेच असतो. त्या रात्री आईही पुढे सरकून बघत होती. तो वाकला तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "झोपू दे रे तिला जरा."