सासरे आणि उंदीर एकाच पट्टीवर

"म्हणजे मी आणि तुझे उंदीर एकाच पट्टीवर?" सासऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. खोटं कशाला बोलू? कळव्याला घरी ते रोज सकाळी बोट टोचतात, तोच ग्लुकोमीटर आमच्या महापेच्या लॅबमध्येही आहे.

आमचं काम उंदरांच्या भाजलेल्या जखमांवरचं. एथिक्स कमिटीची परवानगी, भूल, वेदनाशामक, सगळं रीतसर असतं. तरी पहिल्या दिवशी माझा डबा तसाच घरी येतो. भाजल्यावर ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल उसळतं, यकृत साखर ओतत राहतं आणि इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. त्यामुळे साखर सारखी बघावी लागते. पण २५० ग्रॅमच्या रॅटच्या अंगात रक्त असतं जेमतेम १६ मिली. सारखं सुईनं काढलं तर तो आमच्यामुळेच जायचा. म्हणून एरवी शेपटीला टोचून पट्टीवर थेंब, आणि मोजक्या वेळीच फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये (पेशींनी साखर खाऊ नये म्हणून), ॲनालायझरसाठी, म्हणजे लॅबच्या मोठ्या मशीनसाठी.

भाजल्यानंतर सहा तासांनी पट्टी म्हणाली १४८, ॲनालायझर १७६. दुसरी पट्टी लावली, १४६.

"सँपल उशिरा फिरवलंत का?" सरांचा पहिला प्रश्न. फिरवणं म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरवून पेशी वेगळ्या करणं. (एकदा ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली होती तेव्हा फिरवलं होतं उशिरा. ते अजून निघतं.) पण न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खातात, तासाला पाच ते सात टक्के. फ्लोराइडलाही पुरता चढायला एक-दोन तास लागतात. म्हणजे उशीर झाला असता तर ॲनालायझरचाच आकडा कमी यायला हवा होता! हे मी सरांना सांगितलं, जरा जोरातच.

मग पीसीव्ही लावला, म्हणजे रक्तात पेशी किती टक्के ते. ५८. एरवी पंचेचाळीसच्या आसपास असतो. भाजल्यावर प्लाझ्मा शिरांमधून झिरपून जातो, रक्त दाटतं, आणि दाट रक्तात पट्टी साखर कमी दाखवते. सर म्हणाले, सगळ्या आकड्यांना एकच गुणक लावू. तेवढ्यात सातवा दिवस उजाडला, पीसीव्ही ३३ वर उतरला आणि तीच पट्टी ॲनालायझरच्या वर बोलायला लागली. आता कुठला गुणक लावायचा? पट्टी आणि ॲनालायझरचं कोरिलेशन (सहसंबंध) मात्र देखणं आलं होतं. दोन्ही आकडे एकत्र चढतात-उतरतात एवढंच ते सांगतं. १९८६ मध्ये ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी सुचवल्याप्रमाणे दोन आकड्यांमधल्या फरकाचा आलेख काढला तेव्हा कुठे पट्टी कधी खाली, कधी वर घसरते ते दिसलं.

व्हिटॅमिन सी दिलेल्या उंदरांच्या गटात तर आणखी गंमत. पट्टी साखरेकडून आलेले इलेक्ट्रॉन मोजते; तिथे व्हिटॅमिन सी स्वतःच इलेक्ट्रॉन देतं, आकडा फुगतो. ॲनालायझरच्या जीओडी-पीओडी किटमध्ये (साखरेपासून पेरॉक्साइड, पेरॉक्साइडपासून रंग) तेच पेरॉक्साइड खातं, रंग फिका पडतो, आकडा घटतो. तिथे मोठं मशीनही कामाचं नाही. ती सँपल्स हेक्सोकायनेजवर लावली, त्या पद्धतीत पेरॉक्साइडची भानगडच नाही. भाजलेल्या माणसांनाही काही ठिकाणी व्हिटॅमिन सीचा मोठा डोस देतात. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. गाडी ऐरोलीला थांबली की हल्ली मला हेच आठवतं.

घरी सासऱ्यांची फाइल काढली. हिमोग्लोबिन ८.९. म्हटलं, "बाबा, तुमचं रक्त पातळ आहे, मशीन तुमची साखर थोडी जास्तच दाखवत असणार."

"मग येताना प्रशांत कॉर्नरवरून पाव किलो पेढे आण."