नांगर आणि फळी

गेल्या वर्षी जुलैमध्ये, पाऊस चौथ्या दिवशीही उसंत घेत नव्हता तेव्हा, माझे मामेसासरे रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या आपल्या गावी वारले. मी वेंगुर्ल्याकडचा कॅथलिक आणि माझ्या पत्नीचे माहेर प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांपैकी एका पंथाचे, त्यामुळे आमच्याकडे नाताळ एकच असला तरी तारणाविषयी, म्हणजे देवाने माणसाला पापातून सोडवण्याविषयी, बोलण्याच्या रीती दोन आहेत. एरवी त्याची कोणाला अडचण होत नाही. त्या दिवशी मात्र झाली, कारण मामांच्या नावावर एक जुने पाप होते आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होते.

मामा बरीच वर्षे मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, खजिनदार होते. दफनभूमीला जांभ्या चिऱ्यांची भिंत घालण्यासाठी लोकांनी जमवलेल्या रकमेतून 42,000 रुपये त्यांनी स्वतःच्या कर्जापायी उचलले आणि हिशेब तपासणीत ते उघड झाले. त्यांना पदावरून काढण्यात आले आणि प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवण्यात आले. त्यानंतरही ते दर रविवारी उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि भाकर व द्राक्षारस फिरू लागण्याआधी छत्री उचलून बाहेर जात. हे मी स्वतः तीन-चार वेळा पाहिले आहे. बाहेर गेल्यावर ते घरी जात नसत, पायरीवर बसून राहत आणि शेवटच्या गीताला उभे राहत.

पडवीत मृतदेह ठेवला होता आणि शेजारी बसलेल्यांपैकी एका वडिलांनी (आमच्या सासरी मंडळीच्या कारभाऱ्यांना वडील म्हणतात) हळू आवाजात सांगितले की, खरोखर तारलेला माणूस देवाच्या पैशाला हात लावत नाही, तेव्हा मामा मुळात कधी तारले गेलेच नव्हते. मुंबईहून आलेला एक भाचा तिथल्या कुठल्याशा नव्या मंडळीत जातो. त्याचे म्हणणे असे की, एकदा तारला तो कायमचा तारला, मग त्याने काहीही केलेले असो. तेवढ्यात वेंगुर्ल्याहून आईचा फोन आला आणि तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘कुमसार झालो काय रे तेंचो?’’ मामा प्रेस्बिटेरियन होते, त्यांच्याकडे पाद्रीच्या कानात पाप सांगण्याची पद्धत नाही, हे तिला चाळीस वर्षांच्या सोयरिकीनंतरही पटलेले नाही.

एका माणसाविषयी तीन उत्तरे, आणि चहा अजून यायचा होता. घरी परतल्यावर मी काही आठवडे हाच विषय घेऊन बसलो. मला आश्चर्य याचे वाटले की, तिघांपैकी कोणाचेही बोलणे त्याच्या स्वतःच्या पंथाच्या लेखी शिकवणीशी नीट जुळत नव्हते.

आधी वडिलांचे घेऊ. कोकणात हा पंथ आला तो स्कॉटलंडहून. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला काम सुरू केले आणि पुढे हर्णैला. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे नंतर अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. या दोघांच्याही पाठीशी वेस्टमिन्स्टरचा विश्वासकबुलीनामा होता, जो 1640च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला. त्याच्या सतराव्या प्रकरणात म्हटले आहे की, देवाने ज्यांना स्वीकारले ते कृपेतून पूर्णपणे व कायमचे ढळू शकत नाहीत. मात्र त्याच प्रकरणाचा तिसरा परिच्छेद सांगतो की, असे लोक घोर पापात पडू शकतात, काही काळ त्यातच राहू शकतात, देवाची नाराजी ओढवून घेतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात, स्वतःची विवेकबुद्धी जखमी करतात आणि इतरांना अडखळण बनतात. त्याआधी 1618-19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने तर बायबलमधला राजा दावीद आणि येशूचा शिष्य पेत्र यांची नावे घेऊनच हे लिहिले. उरीयाचा घात करविणारा दावीद ज्यांच्या लेखी देवाचा निवडलेलाच राहिला, त्यांनी भिंतीच्या पैशावरून मामांचे तारण मुळातून खोडून काढावे, हे मला घाईचे वाटते. ‘तो कधी आपला नव्हताच’ या म्हणण्याला बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात आधार आहे खरा, पण ते वचन मंडळी सोडून गेलेल्यांविषयी आहे. मामा कुठेही गेले नव्हते, ते पायरीवर होते.

भाच्याचे मत याच्या उलट दिसते, पण तेही त्या कबुलीनाम्यात सापडत नाही. जुन्या शिकवणीत भर आहे तो ‘टिकून राहतो’ यावर, म्हणजे देव माणसाला धरून ठेवतो आणि म्हणून माणूस पश्चात्तापाकडे परत येतो. परत आला नाही तरी चालेल, असे तिथे कोणी म्हटलेले नाही. ‘काहीही केलेले असो’ हे शेपूट नंतर जोडले गेले आहे, आणि ते ऐकायला सोपे असल्यामुळे सभांच्या मंडपांत चांगले चालते.

प्रॉटेस्टंटांमध्येही या बाबतीत एकवाक्यता नाही. 1610 मध्ये नेदरलँड्समधील धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांनी हा मुद्दा मोकळाच ठेवला होता. मार्टिन ल्यूथरने 1537 मध्ये लिहिले की, दावीद पापात पडला तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा त्याच्यापासून निघून गेले. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा जॉन वेस्ली यानेही विश्वासणारा कायमचा ढळू शकतो असेच शिकवले.

आता आईचा प्रश्न. कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1547च्या जानेवारीत जो निर्णय दिला, त्यात कोणत्याही महापातकाने कृपा गमावली जाते असे स्पष्ट आहे, आणि पुढे हेही आहे की, त्यामुळे विश्वास गमावला जातोच असे नाही. महापातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत असणे आणि तरीही ठरवून ती करणे. मामांच्या बाबतीत तिन्ही होत्या, हे मला मान्य करावे लागते. पण याच सभेने पापनिवेदनाच्या संस्काराला जहाज फुटल्यानंतर हाती लागलेली दुसरी फळी म्हटले आहे. ही उपमा ट्रेंटची स्वतःची नाही, ती तर्तुल्यन आणि जेरोम या प्राचीन ख्रिस्ती लेखकांपासून चालत आलेली आहे. 1551 मध्ये तिथेच असेही सांगितले गेले की, देवावरील प्रेमातून उपजलेला परिपूर्ण अनुताप संस्कार मिळण्याआधीच माणसाचा देवाशी समेट घडवतो, मात्र त्यात त्या संस्काराची इच्छा धरलेली असते. म्हणजे कुमसार झाले की नाही, एवढ्यावर हिशेब बंद होत नाही. हे मी आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मगे फादराक विचार,’’ आणि फोन ठेवला.

समुद्राच्या उपमा बायबलच्या नव्या करारातही आहेत आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्या जरा जास्त खऱ्या वाटतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात काहींचे विश्वासरूपी तारू फुटल्याचा उल्लेख आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय आपण वाहवत जाऊ नये म्हणून सावध करतो. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश मिळून आणि स्वर्गीय दानाची रुची घेऊन पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणे अशक्य आहे, असे चौथ्या ते सहाव्या वचनांत म्हटले आहे, आणि एकोणिसाव्या वचनात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. एका पक्षाचे लोक चौथ्या वचनापासून वाचतात आणि दुसऱ्या पक्षाचे एकोणिसाव्यावर येऊन थांबतात. मधले नववे वचन दोघांकडूनही सुटते, ज्यात लेखक त्याच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणून सांगतो की, तुमच्याविषयी आम्हांला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे.

नांगराविषयी मी आमच्या शेजारच्या तांडेलाला विचारले होते. जूनपासून मासेमारी बंद असल्यामुळे तो ओटीवर जाळे विणत बसला होता. त्याने सुई न थांबवता सांगितले, ‘‘नांगर टाकलो म्हणान होडी हलाची रवता काय? वारो इलो की ती हलतलीच. व्हावान जाव नये, येवढाच त्याचा काम.’’ मग दोर खडकाला घासून कसा झिजतो आणि तो दर पंधरवड्याला हाताने चाचपून का पाहावा लागतो, हे त्याने मला अर्धा तास समजावले. कॅल्व्हिनचे अनुयायी, म्हणजे प्रेस्बिटेरियनांसारखे लोक, नांगराविषयी बोलतात आणि आम्ही कॅथलिक दोराविषयी बोलतो, असे मला त्यावेळी वाटले. पण दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती, यावर पुन्हा वाद होईल, म्हणून ही उपमा मी पुढे ताणत नाही.

पापात पडलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न फार पूर्वीही पेटला होता. इ.स. 250 च्या सुमारास सम्राट डेसियसने सर्वांना देवतांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी तसे केले किंवा केल्याचा दाखला विकत घेतला. छळ ओसरल्यावर ते परत दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळक म्हणाला की, त्यांना क्षमा देण्याचा अधिकार चर्चला नाही, देव काय करील ते करो. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला की, दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावे. 325 मध्ये निकियाच्या धर्मसभेने नोव्हेशियनच्या पंथातून परत येणाऱ्या पाळकांपुढे अट घातली की, छळात ढळलेल्या अशा पतितांना सहभागात घेणे त्यांनी लेखी मान्य करावे.

नोव्हेशियन मला निष्ठुर वाटत असे. मामांच्या पत्र्याच्या पेटीत जी वही निघाली ती पाहिल्यावर ध्यानात आले की, मामा स्वतःशी त्याच्याहून कडक वागत होते. शंभरपानी, लाल पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पानावर तारीख, रक्कम आणि नव्या खजिनदाराची सही. पावसाळ्यात दोनशे, तीनशे. मे महिन्यात दोन हजार आणि समोर कंसात ‘काजू’. एका वर्षी मे महिन्यासमोर शून्य आणि ‘वादळ’. एकूण भरणा 35,600, शिल्लक 6,400. वडील म्हणाले की, पाळकांनी त्यांना दोनदा मेजाकडे परत बोलावले होते आणि रक्कम पूर्ण झाल्यावर येईन, असे उत्तर मामांनी दिले होते. एवढे ना वेस्टमिन्स्टरने मागितले आहे, ना ट्रेंटने. परतफेड करणे भाग आहे हे दोन्हीकडे आहे, पण शेवटचा रुपया फिटेपर्यंत देव क्षमा रोखून धरतो, असे दोन्हीकडे नाही. हे मामांना कोणीतरी पायरीवर शेजारी बसून सांगायला हवे होते. मीही तिथून छत्री झटकत आत गेलेलो आहे.

वडिलांनी ती वही बराच वेळ चाळली आणि पडवीतले आपले वाक्य पुन्हा उच्चारले नाही. भाच्याने 6,400 रुपये तिथल्या तिथे मोजून दिले. तारण पैशावर अवलंबून नाही असे मानणाऱ्याने ते का द्यावेत, हे मी विचारले नाही. खजिनदाराने सही केली.

भिंतीची खाडीकडची बाजू अजून बांधायची राहिली आहे. फाटकापाशी घोटाभर चिखल झाला होता, म्हणून आम्ही शवपेटी त्या उघड्या बाजूने आत नेली.