बामणोदच्या मळ्यात 'पॅरासोम्निया'

चाळीसगाव सुटलं की रुळांच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. फेब्रुवारीत कापसाची वेचणी आटोपलेली, शेतांत वाळक्या पऱ्हाट्या उभ्या, मध्ये हरभरा, मध्ये दादर ज्वारी. नाशिकरोडहून भुसावळपर्यंत मी खिडकीतून हेच बघत आलो. कानात काही नव्हतं, कारण तसं ठरलेलं होतं. 'ड्रीम थिएटर' या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा नवा अल्बम 'पॅरासोम्निया' आदल्याच दिवशी, ७ फेब्रुवारी २०२५ ला आला होता आणि शनिवारी रात्री सगळे बामणोदला मित्राच्या मळ्यात जमेपर्यंत कुणी तो ऐकायचा नाही अशी अट होती. आधी बाहेर आलेली तीन गाणी तेवढी सगळ्यांची पाठ होती.

भुसावळहून मित्राच्या जीपमधून तापी ओलांडली. पुलावरून उत्तरेला सातपुड्याची सलग निळी रेघ दिसते. नदीपलीकडे केळीचा मुलूख. रस्त्याला टेकलेल्या बागा, वारा अडवायला कडेने लावलेली शेवरी, ट्रकमध्ये घड भरणारी माणसं. याच रस्त्याने पुढे फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली तिथलंच. मित्र दरवेळी हे सांगतो आणि मला दरवेळी ते ऐकावंसं वाटतं.

बामणोदची वांगी भरतासाठी नावाजलेली आहेत. हिरवट-पांढरी, चांगली मोठी, बी कमी. पऱ्हाट्यांच्या जाळावर ती सालं काळी होईपर्यंत भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची आणि मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. सोबत कळण्याची भाकरी. त्या दिवशी एकादशी होती. मित्राच्या आईंचा उपास होता, तरी फोडणी त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मी शहरात खातो. पऱ्हाटीच्या धुराचा वास त्याला कधीच येत नाही.

जमलेल्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा वाद त्यांच्या कामांतून आलेला आहे. मित्र केळी करतो. आठवडाभर त्याच्याकडे रात्रीची लाईन होती, म्हणजे शेतीपंपाची वीज मध्यरात्रीनंतर येणार आणि तेव्हा उठून पाणी द्यायचं. यावलच्या जंगलातून बिबट्या बागांमध्ये उतरतो, त्यामुळे हातात बॅटरी आणि काठी. दुसरा भुसावळचा, रेल्वेत सहायक लोको पायलट. मालगाडीवर ड्युटी, बोलावणं कोणत्याही प्रहरी. तिसरा धुळ्याचा, लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. आणि जळगावची एक विद्यार्थिनी, थोरल्या भावासोबत आलेली. तिने हा बँड ऐकायला सुरुवात केली ती २०१९ नंतर.

हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तेव्हा बँडच्या ड्रमवर दुसराच माणूस होता. गिटारवाला जॉन पेट्रुची, बेसवाला जॉन मायंग आणि ड्रमर माइक पोर्टनॉय या तिघांनी १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कलीत शिकताना बँड उभा केला. पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला. त्यानंतर माइक मॅन्जिनी ड्रमवर आला आणि त्याने बँडसोबत पाच अल्बम केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परतला. 'पॅरासोम्निया' हा परतल्यानंतरचा पहिला अल्बम, म्हणून त्याच्यावर एवढे डोळे लागलेले.

रात्री नवाला स्पीकर सुरू केले. एकाहत्तर मिनिटं कुणी बोललं नाही. सगळा अल्बम बिघडलेल्या झोपेवर आहे. शब्दांविना सुरुवात, मग रात्रीची भीती, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या रात्री, झोपेत हातून झालेला खून. शेवटी जवळजवळ वीस मिनिटांचं 'द शॅडो मॅन इन्सिडेंट'. त्यात शरीर झोपलेलं असतं, मन जागं असतं आणि खोलीत एक सावली उभी दिसते. आपल्याकडे याला छातीवर भूत बसलं म्हणतात. आजीने सांगितलेलं तसलं एक वर्णन मला त्या गाण्यात जसंच्या तसं ऐकू आलं.

संपल्यासंपल्या धुळ्याचा ड्रमवाला उठून उभा राहिला. "भलतं भारी शे! ड्रम कसा श्वास घी ऱ्हायना, आयकं का?" त्याचं म्हणणं पुढे नीट समजून घेतलं. वरातीत चार-चार तास वाजवणारा माणूस नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठोका किंचित मागे धरतो किंवा पुढे ढकलतो. पोर्टनॉय तसं करतो. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा तुकडा, कितीही वाकडा असो, तो आधी ठेका पक्का बसवतो, मग वर नक्षी काढतो. मॅन्जिनीचा हात जास्त तयारीचा, पण त्याचा प्रत्येक ठोका मोजून ठेवल्यासारखा वाटतो, असं याचं मत.

विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "दादा, बँडला पहिलं ग्रॅमी २०२२ मध्ये मिळालं. 'द एलियन' या गाण्यासाठी. ड्रमवर कोण होतं?"

यावर कुणाकडेच चटकन उत्तर नव्हतं. मी तिच्या बाजूचा आहे. पोर्टनॉयच्या परतण्याचा आनंद मलाही झाला, 'नाईट टेरर' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. पण त्या आनंदात मॅन्जिनीच्या तेरा वर्षांना मधली सुट्टी समजणं अन्यायाचं आहे. त्या काळातल्या बऱ्याच अल्बमांमध्ये ड्रमचा आवाज कोरडा, मागे दाबलेला वाटतो, हे खरं. पण तो दोष बराचसा मिक्सिंगचा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवण्याचा. 'पॅरासोम्निया'चं मिक्सिंग अँडी स्नीपने केलंय आणि प्रत्येक वाद्याला जागा मिळालीय. ही जागा मिळाली असती तर मॅन्जिनीही वेगळा ऐकू आला असता, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा वाद 'मिडनाईट मसायाह'वरून पेटला. त्याचे शब्द पोर्टनॉयचे आणि त्यात जुन्या गाण्यांच्या खुणा पेरलेल्या. मित्राला ते घरी आल्यासारखं वाटलं. मला नाही. १९९९ च्या 'द डान्स ऑफ इटर्निटी'त ज्या बँडने सहा-सव्वासहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा मात्रा बदलून दाखवल्या, त्याने आता स्वतःच्याच आठवणी काढत बसावं हे मनाला पटत नाही. गायक जेम्स लाब्रीच्या आवाजाबद्दल मात्र सगळे हळवे आहोत. १९९४ मध्ये अन्नातून विषबाधा होऊन त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली होती. आज साठी ओलांडूनही तो गातोय. या अल्बममध्ये त्याला उगाच वरच्या पट्टीत ढकललेलं नाही, हे फार चांगलं केलं.

लोको पायलट इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मले त हे सगळं सिनेमातलं वाटलं भो. झोप मोडते तेव्हा भूतबित काही दिसत नाही. रात्री दोनला फोन येतो, माणूस चूळ भरतो आन् निघतो. डोळे चुरचुरतात, डोकं जड ऱ्हाते. बस. ते कुठी आहे याच्यात?"

त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा आक्षेप हाच होता. अल्बममध्ये भीती भरपूर आहे, थकवा कमी. दचकवणारे सूर, काळोखे कोरस, अंगावर येणारे रिफ. पण झोप मोडलेल्या माणसाचा दुसरा दिवस कसा जातो, ते जवळजवळ नाहीच. मी त्याला 'बेंड द क्लॉक' पुन्हा ऐकायला लावलं. संथ गाणं, साडेसात मिनिटांचं, आणि शेवटाकडे पेट्रुचीचा लांब सोलो. त्यात तो सूर ओढून धरतो, घाई करत नाही. मला वाटतं, थकवा तिथे आहे, शब्दांपेक्षा गिटारमध्ये. त्याने पूर्ण ऐकलं आणि मान हलवली. "हे चालते. पन एवढंच."

साडेबाराला वीज आली. मित्र पंप सुरू करायला निघाला, त्याच्यासोबत आम्हीही गेलो. ठिबकच्या नळ्यांत पाणी चढेपर्यंत बांधावर उभ्याउभ्या शेवटच्या गाण्याच्या लांबीवर भांडण झालं. धुळ्याच्या ड्रमवाल्याला वीस मिनिटं कमी पडत होती. मित्राच्या मते जॉर्डन रुडेसच्या कीबोर्डचा मधला भाग अर्धा करता आला असता. मी इथे रुडेसच्या बाजूने: तो भाग काढला तर सावलीचं गाणं नुसत्या रिफांची माळ उरतं.

सकाळी भुसावळला परतताना विद्यार्थिनीने जीपमध्ये २०२१ च्या अल्बमचं वीस मिनिटांचं शीर्षकगीत लावलं आणि धुळ्याच्या ड्रमवाल्याला पुढच्या सीटवर बसवलं, तेवढ्यासाठीच. तापीचा पूल येईपर्यंत तो मांडीवर ठोके मोजत होता. मग आवाज वाढवत म्हणाला, "ताई, हाई मधलं परत लाव बरं."