सत्तर मिनिटांची फिल्म: आधी डिस्क, मग लिंक

लाकडी होड्या बांधणाऱ्या कारागिरांवरचा माझा माहितीपट पूर्ण झाला तेव्हा हातात सत्तर मिनिटांची फिल्म होती, वितरक मात्र कोणीच नव्हता. ज्यांच्यावर फिल्म केली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे इंटरनेट धड चालत नाही, पण टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर अजून आहे. म्हणून डिस्क आणि ऑनलाइन अशा दोन्ही वाटा धरल्या.

‘आधी ऑनलाइन टाक, डिस्कचं मागाहून बघू’ असं जवळजवळ सगळे म्हणाले. मी उलट केलं आणि आजही तेच सुचवेन. डिस्क एकदा लिहिली की तिच्यात बदल नाही, त्यामुळे श्रेयनामावली, आवाज, सबटायटल सगळं आधीच पक्कं करावं लागतं. ऑनलाइन सगळं नंतर सुधारता येतं, हा समजही अर्धाच खरा. व्हिमिओ या व्हिडिओच्या साइटवर त्याच लिंकखाली नवी फाइल ठेवता येते. यूट्यूबवर ती सोय नाही. नव्याने चढवावं लागतं, आणि जुना व्हिडिओ काढला की त्याचे व्ह्यूज नि कॉमेंट्सही जातात.

सगळ्यात जास्त वेळ कागदपत्रांनी खाल्ला. संगीतासाठी परवानग्या दोन लागतात: एक रचनेची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. बरेच परवाने फक्त महोत्सवापुरते असतात. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमधलं ‘अव्यावसायिक’ अट असलेलं संगीत घेतलं, तर डिस्क विकण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या वादकांकडून मी साध्या भाषेत लिहून घेतलं: ऑनलाइन आणि डिस्कवर, फुकट आणि विकत, सर्व देशांत, मुदतीशिवाय. एका दृश्यात कारागिराच्या मागे रेडिओवर गाणं वाजत होतं. तो आवाज काढून तिथे रंध्याचा आणि पाण्याचा आवाज भरला. दृश्य थोडं फिकं झालं, पण त्या गाण्याचे हक्कदार शोधत बसण्यापेक्षा ते परवडलं. पुढे फिल्म ऑनलाइन गेल्यावर पार्श्वसंगीतावर कॉपीराइटचा एक आपोआप दावा आलाच. वादकाचं पत्र जोडून हरकत घेतली आणि दावा मागे घेतला गेला.

आता डिस्कचं गणित. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. सत्तर मिनिटांना वाटलं तर सेकंदाला सुमारे ८.९ मेगाबिट येतात. त्यातून आवाज आणि मेनू वजा केले तरी चित्राला आठच्या आसपास उरतात. डीव्हीडीची चित्रासाठीची कमाल मर्यादाच ९.८ आहे, म्हणजे हे उत्तम. पण माझ्याकडे चाळीस मिनिटांच्या जादा मुलाखतीही होत्या. त्या घातल्या की एकूण आकडा ५.७ वर येतो. बसून बोलणाऱ्या माणसांना तो पुरतो. हलत्या पाण्याला नाही. एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीवर चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत, लाटांचे लगेच चौकोन दिसू लागतात, आणि माझ्या फिल्मभर पाणीच पाणी. ८.५ जीबीची दोन थरांची कोरी डिस्क मिळते, पण जुने प्लेयर तिच्यावर अडखळतात. म्हणून मुलाखती ऑनलाइन ठेवल्या.

देवनागरी सबटायटलनी वेगळाच घाम काढला. ऑथरिंगच्या, म्हणजे फिल्म-मेनू-सबटायटल जुळवून डिस्क तयार करण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. सुटका मिळाली ती डीव्हीडीच्या रचनेतच. तिथे सबटायटल मजकूर म्हणून राहतच नाहीत, छोटी चित्रं म्हणून साठवली जातात. मग ती चित्रं दुसरीकडे तयार करून आणली. वेळा मात्र एकदाच बसवल्या. तीच एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी फाइल) ऑनलाइनही वापरली.

कारखान्यात छापून घ्यायच्या डिस्कसाठी काचेचा मास्टर आणि साचा करावा लागतो. काही शेकडा प्रती काढायच्या असतील तरच तो खर्च अंगी लागतो. मी डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डिस्क, लिहून घेतल्या. कागदी लेबल चिकटवू नका: ते सुटतं, डिस्कचा तोल जातो. थेट छपाई होणाऱ्या पृष्ठभागाच्या कोऱ्या डिस्क मिळतात. कुठल्याही देशातल्या प्लेयरने अडवू नये म्हणून डिस्क सर्व रीजनसाठी (डीव्हीडीचे जागतिक विभाग) खुली ठेवली. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणून पाल ही टीव्हीची पद्धत. एनटीएससी ही दुसरी पद्धत वापरणाऱ्या देशांतल्या पुष्कळ प्लेयरवर पाल चालत नाही, तिथल्या लोकांना लिंकच दिली. वाटण्याआधी सापडेल त्या जुन्या प्लेयरवर फिल्म शेवटपर्यंत चालवून पाहिली. नुसती सुरुवात पाहून उपयोग नसतो. लिहिण्यातला दोष बहुधा डिस्कच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटच्या मिनिटांत दिसतो.

ब्लू-रेचा विचार सोडला. कारखान्यात छापलेल्या ब्लू-रेला एएसीएस या नक्कलविरोधी कुलपाचा परवाना घ्यावाच लागतो, आणि छोट्या संख्येला ते शुल्क जड जातं.

वेष्टनावर मुलाखतींसाठी क्यूआर कोड छापला. तो व्हिडिओच्या थेट लिंकचा नाही, माझ्या स्वतःच्या पानाचा आहे. उद्या मुलाखती दुसऱ्या ठिकाणी हलवल्या तरी तिथून वाट बदलून देता येईल. छापलेलं वेष्टन काही परत मागवता येत नाही.