नाशिकचा ठेका आणि त्याचे मानकरी

नाशिक ढोल हे नाव मुंबईच्या मिरवणुकांतून थेट केरळच्या उत्सवांपर्यंत पोहोचले आहे. ज्या शहराचे नाव त्या ढोलाला लागले, तिथे वाद्यावर हात चालवणारी माणसे कशी शिकतात, कशी जगतात आणि लोक त्यांना कसे वागवतात, हे जाणून घ्यायला मी श्रावणात नाशिकला गेले. गणेशोत्सवासाठी पथकांचा सराव याच दिवसांत रंगात आलेला असतो, आणि दमट हवेत चामड्याच्या वाद्यांची व ती सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी लागते, म्हणून श्रावण निवडला.

सुरुवात पंचवटीतून केली, कारण पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथे रामनाम आधार आश्रम स्थापन केला होता. त्यांच्या नावाचे सभागृह आज इंद्रकुंडाजवळ आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याचे शिक्षण सर्वांसाठी खुले करणारे पलुस्कर बहुतेकांना ठाऊक असतात. मला त्यांच्या आयुष्यातली त्याआधीची एक हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. मिरजेतल्या एका समारंभाला त्यांना आमंत्रण आले, पण त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना मात्र गवई म्हणून वगळले गेले. हा अपमान मनाला लागला आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, असे सांगतात. कलावंताला समाजात मानाने बसता आले पाहिजे, हा ध्यास त्यांनी पुढे जन्मभर धरला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते, चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये गेले. त्यांच्या भजनांतली निर्मळ लय ऐकली की इतक्या लवकर थांबलेल्या या गळ्याविषयी आजही हळहळ वाटते.

विष्णू दिगंबरांच्या त्या ध्यासाचे या शहरात पुढे काय झाले, हा प्रश्न मनात ठेवूनच मी पुढच्या सगळ्या गाठीभेटी घेतल्या.

जुन्या नाशकातल्या एका बोळात तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे ताणलेले चामडे, बांधून देणारे एक वयस्क कारागीर बसतात. मी गेले तेव्हा ते शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, भरत होते: लोहकिसाची व भाताच्या खळीची लुकण, तिचा पातळ थर, मग दगडाने घोटणे, पुन्हा थर, पुन्हा घोटणे, आणि मधूनमधून बोटाने वाजवून नाद पाहणे. तासाभरात त्यांनी माझ्याकडे क्वचितच मान वर करून पाहिले असेल. "ताई, पावसात घाई केली तर शाई तडकते, आणि शाई तडकली की वाजवणारा मला शिव्या देतो, पावसाला नाही," असे ते शांतपणे म्हणाले. पूर्वी वादक स्वतः पुडी घेऊन येत, समोर बसून सूर लावून घेत, आणि त्या बसण्यात कारागिराच्या कानावर चार बंदिशीही पडत. आता बरेचजण दुकानदाराकडून तयार जोडी नेतात, त्यामुळे आपला तबला कोणाच्या हातात वाजतो हेच कळत नाही, ही त्यांची खंत होती. पैशांविषयी ते बोलले नाहीत. मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचे नाव मोठे, साथीदाराचे लहान आणि वाद्य घडवणाऱ्याचे मुळीच नसते, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले, आणि मला ते पूर्णपणे पटले.

कालिदास कलामंदिरात होणाऱ्या कार्यक्रमांविषयी किंवा दिवाळीत पिंपळपारावर होणाऱ्या पाडवा पहाटेविषयी फारसे लिहीत नाही, कारण त्यांची दखल वृत्तपत्रे घेतातच. एवढेच नोंदवते की पारावर उघड्या आभाळाखाली बसून शास्त्रीय गाणे ऐकणारा श्रोता या शहराने जपला आहे, आणि मी ज्यांना भेटले त्या वादकांनी त्या श्रोत्याचे मनापासून कौतुक केले.

नाशिकच्या संगीताविषयी बोलताना वामनदादा कर्डकांना बाजूला ठेवता येत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या, मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेल्या या लोकशाहिराने आंबेडकरी विचार हजारो गीतांतून गावोगाव पोहोचवला आणि २००४ मध्ये नाशिकमध्येच देह ठेवला. ज्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, ते त्याच पंचवटीत आहे जिथे पलुस्करांनी आश्रम काढला होता. मानाने आत येण्याचा प्रश्न या शहरात गाण्यापुरता कधीच नव्हता, हे तिथे उभे राहिल्यावर प्रकर्षाने जाणवते. भीमगीते गाणाऱ्या एका गायिकेशी तिच्या घरी निवांत बोलणे झाले. ती दिवसा दवाखान्यात नोकरी करते, रात्री पेटी आणि ढोलकीच्या साथीने सराव करते, आणि एप्रिलमध्ये तिला एकही रात्र मोकळी मिळत नाही. वामनदादांची गाणी तिला आईकडून तोंडपाठ मिळाली. "कार्यक्रमाला बोलावणारे आपलेच असतात, त्यामुळे जेवणाखाण्याची, मानपानाची कधी चिंता नसते, पण बाहेरच्या मंचावर मला 'लोककलाकार' म्हणून शेवटी पाच मिनिटे देतात," असे तिने सांगितले. आवाजात तक्रार नव्हती, पण तिने पेटीचा भाता बंद केला आणि बराच वेळ त्या पाच मिनिटांविषयीच बोलत राहिली.

ढोलपथकाचा सराव गंगापूर रस्त्याकडच्या एका मैदानात पाहिला. गोदावरीला त्या आठवड्यात पाणी होते, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पूर चढला यावर वाटेत प्रत्येकजण बोलत होता, आणि भुरभुर पावसातही मुलेमुली ढोल कमरेला बांधून उभी होती. ताशाने तर्री, म्हणजे सलग जलद वादन, धरले की ढोलांनी एकदम ठोका द्यायचा; एका बाजूला टिपरू म्हणजे काठी, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. लांबून एकसुरी वाटणारा हा प्रकार रांगेत उभे राहून ऐकला की त्यात किती शिस्त आहे ते कळते: ताशेवाल्याच्या मनगटाकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि एक 'हात', म्हणजे ठेक्याचा एक प्रकार, संपून दुसरा सुरू होण्याआधीची खूण चुकली तर सगळी रांग कोसळते. चामड्याचे पान पावसात सैल पडते म्हणून बहुतेक ढोलांना आता फायबरचे पान आहे. ते भिजत नाही, पण त्याचा आवाज कर्कश लागतो, आणि मिरवणुकीत तो सहन न होणाऱ्या पातळीवर जातो असे माझे स्पष्ट मत आहे. पथकाच्या प्रमुख मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने ते नाकारले नाही. मंडळांनाच मोठा आवाज हवा असतो, असे ती म्हणाली. मिरवणुकीत तासन्‌तास ढोल वाहणाऱ्या या मुलांना पिण्याचे पाणीही कधी कधी स्वतःच्या खर्चाने आणावे लागते, हे ऐकून वाईट वाटले.

सर्वांत जास्त वेळ मी एका संबळवादकाबरोबर घालवला. घराणे गोंधळ्यांचे, वडील चैत्रात सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या खानदेशी यात्रेकरूंसमोर वाजवत; तो स्वतः गोंधळ, लग्ने आणि जागरणे करतो. संबळ म्हणजे जोडलेली दोन वाद्ये: एक खर्जाचे, एक उंच, कडक आवाजाचे. एक काठी सरळ, दुसरीचे टोक वळवलेले. त्याने कमरेला संबळ बांधून मला आधी संथ चाल ऐकवली, देवीला आवाहन करतानाची, आणि मग ती हळूहळू कशी चढवायची, अंगात येणाऱ्या माणसाकडे पाहून कुठे थांबवायची, हे वाजवून समजावले. समोरच्या माणसाचा श्वास ऐकून लय ठरवणे हे मी कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात पाहिलेले नाही, आणि ही विद्या मला थोर वाटते. त्याच्या मुलाला मात्र लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवायचे आहे, कारण तिथे सुपारी मोठी मिळते. त्याला बापाचा विरोध नाही. त्याचे दुखणे निराळे होते. ज्या घरात रात्रभर देवीचा गोंधळ घालायचा, त्याच घरात पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, मांडवाच्या मागे त्याला पान वाढले जाते, आणि बिदागी देताना यजमान हातात न देता समोर ठेवतो.

बाळकृष्णबुवांना वगळणाऱ्या त्या आमंत्रणाची गोष्ट मी त्याला सांगितली. ती त्याने नीट ऐकून घेतली, पलुस्कर कोण हे दोनदा विचारले, आणि नंतर म्हणाला की मीही यंदापासून बोलणी करतानाच सांगू लागलो आहे: बिदागी थोडी कमी चालेल, पण आम्हा चौघांना पहिल्या पंगतीत बसवायचे. काहींनी हे ऐकून दुसरा गोंधळी शोधला, तर नवरात्रासाठी दोन घरांनी ही अट मान्य करून विसार दिला आहे.