तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी का?

पाडवा किंवा दसरा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो: ‘दहा-बारा लाखांचं बजेट आहे, घरात चार-पाच माणसं, रोजचं ऑफिस आणि वर्षातून दोन-तीनदा गावी जाणं. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी, की हॅचबॅक पुरे?’ विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनातल्या मनात गाडी ठरवलेली असते, फक्त कुणीतरी ‘घ्या’ म्हणायचं राहिलेलं असतं. तरी नीट उत्तर देतो.

आधी एक समजून घ्या. या वर्गातल्या गाडीत एसयूव्ही थोडी आणि उंची जास्त असते. चारही चाकांना ताकद जाते असं यात नाही, ओढतात ती पुढचीच दोन. मारुतीची एसयूव्ही फ्रॉन्क्स आणि हॅचबॅक बलेनो एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, टाटाची पंच आणि हॅचबॅक अल्ट्रोझही तशाच. चार मीटरची लांबी तर सरळसरळ कराने घडवली. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि ‘छोटी’ची व्याख्या ठरली: लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. म्हणून ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू यांची मागची बाजू सुरीने कापल्यासारखी उभी दिसते. थोडक्यात, तेवढ्याच सोयींच्या हॅचबॅकपेक्षा तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते मुख्यतः उंचीचे. ती उंची रोज वापरात येणार असेल तर गाडी घ्यावी. रस्त्यावर रुबाब दिसावा एवढंच हवं असेल तर तेही कारण आहे, पण मग हिशेब विचारू नका.

उंचीचा पहिला खरा उपयोग गुडघ्यांना होतो. हॅचबॅकमध्ये माणूस ‘खाली बसतो’ आणि उतरताना दोन्ही हातांनी स्वतःला उचलतो. सीटची कड मांडीच्या मध्यावर आली तर माणूस नुसता टेकतो आणि फिरून पाय आत घेतो. शोरूमला जाताना आई-वडिलांना न्या आणि पुढे नको, मागच्या सीटवर बसवा. डाव्या दाराने पाच वेळा चढ-उतार करायला लावा, एकदा बसून काही कळत नाही. तीन गोष्टी बघा. आत जाताना डोकं छताला लागतं का, मागच्या चाकाच्या कमानीमुळे पाय ठेवायला जागा अरुंद होते का, आणि दाराचा उंबरा उघडा राहतो का. काही गाड्यांचं दार उंबऱ्याच्या खालपर्यंत येतं. जिथे येत नाही तिथे पावसाळ्यात उतरताना साडीला किंवा पँटच्या पोटरीला चिखल लागतोच.

मागच्या खिडकीकडेही बघा. फॅशन म्हणून काचेखालची रेघ मागे वर चढवलेली असते. लहान मुलाला बाहेर दिसत नाही आणि घाटात त्याला गाडी लागते. त्यात उंच गाडी वळणावर जास्त कलते. पोराला आधीच गाडी लागत असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यालाही मागे बसवा.

दुसरा उपयोग खड्डे आणि गतिरोधकांचा. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, २०८ किंवा १९८ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण ते बहुधा रिकाम्या गाडीचं. पाच माणसं आणि डिकीभर सामान बसलं की गाडी तीन-चार सेंटिमीटर सहज खाली येते. हॅचबॅकचे १६५-१७० तितकेच उतरून १३० वर येतात आणि गावाकडच्या, कुणीतरी रातोरात घातलेल्या गतिरोधकावर पोट घासतं. इथे फरक खराच पडतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. चार माणसं भरा आणि गाडी तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून, तुमच्याच गल्लीतल्या गतिरोधकावरून न्या. सेल्समन त्याच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेईल, त्यातून काहीच कळत नाही.

उंची म्हणजे पाण्यातून जाण्याचा परवाना मात्र नव्हे. इंजिनाचं हवा आत घेणारं तोंड साधारण हेडलाइटच्या पातळीला असतं. समोरच्या बसने उठवलेली लाट तिथे पोचली की पाणी सिलिंडरमध्ये जातं, पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. पुन्हा सुरू करताना झालेलं नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत. मुंबई-पुण्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन घ्याच.

आता घाट. इथेच बहुतेकांची निवड चुकते. शहरात एक माणूस बसलेली १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी चांगली पळते. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, साधारण ११४ न्यूटन मीटर असतो आणि गाडीचं वजन टनाच्या आसपास. तीच गाडी पाच माणसं, एसी आणि गणपतीचं सामान घेऊन आंबोली घाटाला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये रडते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पेट्रोल गाडीचा आकडा १७० ते २०० असतो, पण तो साधारण १,५०० ते १,७५० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे. नागमोडी वळणावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आत शिरलात आणि काटा १,२०० वर आला तर पाय दाबूनही क्षणभर काही होत नाही. मागे एसटी असते. उपाय सोपा आहे, वळणाआधीच पहिला टाकायचा. पण ही सवय लावावी लागते. ब्रेझाचं १.५ लिटर साधं इंजिन आकड्यात टर्बोपेक्षा कमी, तरी खालच्या आरपीएमला समजूतदार आहे.

ऑटोमॅटिक हवी असेल तर कुठली ते विचारा, नुसतं ‘ऑटोमॅटिक आहे’ यावर थांबू नका. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच यंत्र दाबतं. स्वस्त, ॲव्हरेज मॅन्युअलच्या जवळचं, पण ऐन चढाच्या वळणावर वरचा गिअर टाकून घोटाळा करते. घाटात ती मॅन्युअल मोडवर ठेवायची. कोरड्या क्लचची ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात ती, मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी चालते, मात्र सरकत्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून रांगत राहिलात तर क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी, सगळ्यात बिनकटकटीची, थोडं पेट्रोल जास्त पिते. रोज सिंहगड रोड किंवा घोडबंदरची कोंडी करणाऱ्याने माझ्या मते तीच घ्यावी.

डिझेलचं गणित कागदावर करा. पेट्रोल टर्बो शहर-हायवे मिळून लिटरला १२ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरलं तर किलोमीटरला ८ रुपये ३३ पैसे. डिझेल १७ किलोमीटर आणि ९० रुपये धरलं तर ५ रुपये ३० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. ऑन-रोड किमतीत फरक सव्वा ते दीड लाखाचा असेल तर तो फिटायला ४० ते ५० हजार किलोमीटर लागतात. वर्षाला ८,००० चालवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि त्याला पैशाशिवाय दुसरंही कारण आहे. बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या डिझेलच्या धुराड्यात काजळी गाळणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग ६०च्या वर पळावी लागते. रोज चार किलोमीटर शाळा आणि बाजार करणाऱ्याची जाळी चोंदते, दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते आणि वर्कशॉप गाठावं लागतं. तो दिवा लागला तर लगेच बंद करून घरात जाऊ नका. हायवेवर खालच्या गिअरमध्ये एक फेरी मारून या.

सीएनजी घेणार असाल तर डिकीची झडप उघडून बघा. जुन्या पद्धतीत एकच मोठा सिलिंडर जवळपास सगळी डिकी खातो. टाटा दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवते, त्यात बॅगा मावतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

आता खिसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वर सांगितलेल्या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, न बसणारीवर ४० टक्के. लांबी चार मीटरच्या आत असूनही ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं आहे, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. शेजारी उभ्या १.२ लिटरच्या गाडीशी किंमत ताडून बघताना हे डोक्यात ठेवा. महाराष्ट्रात रस्ता कर पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. डिझेलला दोन्हीकडे दोन टक्के जास्त. आता बघा: ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीवर कर १,०९,४५० रुपये, १० लाख ५ हजारांच्या गाडीवर १,२०,६००. वर दहा लाखांपुढच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आयकरापोटी आधीच घेतलेली रक्कम. म्हणजे किमतीतला दहा हजारांचा फरक तुम्ही चेक लिहिताना एकतीस हजारांचा होतो. टीसीएस मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो. पावती जपा, बरेच लोक ते पैसे सोडून देतात.

इंधनात हॅचबॅकशी फरक किती? वर्षाला १०,००० किलोमीटर, एक १५ देते आणि दुसरी १२, तर १६७ लिटर जास्त लागतं, सुमारे पावणेसतरा हजार रुपये. टायरही मोठे. हॅचबॅकला १८५/६५ आर १५ पुरतो तिथे इथे बहुधा २१५/६० आर १६ असतो, आणि चार टायर एकदम बदलताना तो फरक टोचतो.

म्हणून दहा लाखांच्या आत असाल तर एसयूव्हीच्या तळाच्या मॉडेलसाठी हॅचबॅकचं वरचं मॉडेल सोडू नका. आधी सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि मागे आयसोफिक्स (मुलाची सीट अडकवायचे हूक) बघा, भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे बघा, मग उंची. सनरूफ सगळ्यात शेवटी. घेतलंच तर मे महिन्यात उघडून चारही कोपऱ्यांतली पाण्याची भोकं तपासा. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता, ते चाकाजवळ खाली टपकलं पाहिजे. झाडाखाली उभ्या गाडीत पानं-फुलं अडकून नळी तुंबते आणि पाणी छताच्या कापडातून मांडीवर येतं.

बुकिंगच्या आधी पार्किंग मोजा. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर पाटी वाचा. सेडानसाठीच्या पॅलेटची उंचीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १,५५० मिलिमीटरच्या आसपास असते. नेक्सॉन १,६२० आहे, ब्रेझा १,६८५. लांबीत बसते आणि उंचीत अडकते, मग गाडी रस्त्यावर.

शोरूमच्या कागदावर ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर खोडायला सांगा. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. अंडरबॉडी कोटिंग नको, कारखान्यातून गंजरोधक थर आलेलाच असतो आणि वरून फवारलेल्या डांबरी लेपाने दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

पासिंग होण्याआधी, म्हणजे गाडी तुमच्या नावावर चढण्याआधी, स्टॉकयार्डात जाऊन दिवसाउजेडी ती बघा. चासी नंबर लिहून घ्या आणि इन्व्हॉइसवर तोच आहे का ते जुळवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २४२५ म्हणजे २०२५चा चोविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे जवळपास सारखे हवेत. सगळ्या काचांवरची खूण एकाच कंपनीची आहे का बघा, एखादी वेगळी दिसली तर ती का बदलली ते विचारा. बॉनेटच्या बिजागरांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे नकोत. शेवटी डिकीची चटई उचला. स्टेपनी तिथे आहे का, की नुसतं पंक्चर किट, असली तर चालत्या चाकांच्या मापाची आहे की बारीक, आणि जॅक-पाना जागेवर आहे ना, एवढं बघून मगच सही करा.