माशेलचा चिखलकालो
गोव्यात पर्वरीत राहून सुट्टी म्हणजे मॉल नाहीतर बीच एवढंच सुचतं आपल्याला, म्हणून आज पोरांना घेऊन सरळ माशेल गाठलं. काल आषाढी एकादशी झाली, आज देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. देवळातलं अहोरात्र भजन संपलं की मंडळी अंगाला तेल चोपडून बाहेर येतात आणि मग काय, धो धो पाऊस, मैदानभर नुसता चिखल, त्यात हात धरून गोल फिरायचं, चेंडूफळी खेळायची, साठीतले काका एका पोराला उचलून चिखलात आपटतायत नि तो खिदळत परत उभा!! धाकट्याला म्हटलं होतं लांबूनच बघ, पण कोणीतरी खाऊ उधळला आणि गेला की तो आत, परत आला तेव्हा फक्त डोळे नि दात दिसत होते.

देवळात जरूर जा हं, देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी मूर्ती सहसा कुठे बघायला मिळत नाही, मूळ देऊळ चोडण बेटावरचं. पार्किंगची मात्र बोंब, गाडी लांब लावून चालतच जा. जादा कपडे, टॉवेल आणि सीटवर टाकायला प्लास्टिक न्याच, आमची सीट अजून वाळतेय.